भाषांतर नेमकं कोण करतं?

पहिलीच्या पुस्तकातले तीन शब्द फळ्यावर लिहितो. कमळ, बदक, नगर. आता मधली जागा पुसली: कमळबदकनगर. तीन-तीन अक्षरं मोजत गेलात तर वाचता येतं. पण पहिला 'क' गाळला, तर मळब, दकन, गर. सगळंच मुसळ केरात! जनुकातला मजकूर असाच सलग असतो. शब्दांमध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही, नुसती तिनाची मोजणी.

अक्षरं चार (ए, टी, जी, सी), म्हणून तीन अक्षरी शब्द 64. त्यातले 61 अमिनो आम्लांचे, म्हणजे प्रथिनाच्या माळेतल्या मण्यांचे, उरलेले तीन म्हणजे 'थांबा'. हा कोश उलगडणाऱ्यांत आपले हरगोविंद खोराना होते. 1968 चं नोबेल त्यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासोबत मिळालं. कोश पाठ करू नका, मीही केलेला नाही.

हा मजकूर ज्यावर लिहिलेला असतो, तो मूळ डीएनए पेशीच्या केंद्रकातच राहतो. तलाठ्याच्या दप्तरातून अस्सल कागद बाहेर जात नाही, नक्कल मिळते, तसंच. ही आरएनएची नक्कल रायबोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राकडे जाते आणि तिथे एकेक अमिनो आम्ल जोडत प्रथिनाची माळ तयार होते. अक्षरांतून आम्लांत जाणं, हेच भाषांतर. इथवर शाळेत झालंय.

आता माझा आवडता प्रश्न. अमुक तीन अक्षरं म्हणजे अमुक आम्ल, हे रायबोसोमला कसं कळतं? कळतच नाही. आम्ल आणून देतो तो ट्रान्सफर आरएनए. त्याच्या एका टोकाला तीन अक्षरांची खूण, दुसऱ्या टोकाला माल. 1962 मध्ये काही संशोधकांनी एक खोडी काढली. सिस्टीन वाहणारा ट्रान्सफर आरएनए घेतला आणि निकेल वापरून त्या सिस्टीनमधलं गंधक काढून टाकलं. झालं अ‍ॅलॅनीन. खूण सिस्टीनची, माल अ‍ॅलॅनीनचा. रायबोसोमने काय केलं? सिस्टीनच्या जागी मुकाट अ‍ॅलॅनीन बसवलं. डबेवाला झाकणावरची खूण बघतो. आत भेंडी आहे की वांगं, हे त्याचं काम नव्हे.

म्हणजे भाषांतर होतं ते डबा भरताना. ते काम करणारी विकरं (एन्झाइम) वेगळी, साधारण प्रत्येक आम्लासाठी एक. त्यांची नजर पाहा. आयसोल्युसीन आणि व्हॅलीन यांच्यात फरक फक्त एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनचा. आयसोल्युसीनच्या विकराला व्हॅलीन अधूनमधून चकवतं. म्हणून त्याच विकरात दुसरी एक खोबण असते, बारीक चाळणीसारखी. चुकून चढलेलं व्हॅलीन त्यात मावतं आणि तिथेच तोडलं जातं. आयसोल्युसीन मावतच नाही, म्हणून वाचतं.

एवढी राखण असूनही गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेतच. का? कारण तिथे यंत्रणा चुकलेलीच नाही. रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 मणी. सहाव्या मण्यासाठी जनुकात जीएजी हवं, तिथे जीटीजी आहे. मधलं एक अक्षर. 'नगर'चं 'नजर' झालं, आणि 'नजर' हाही धड शब्द आहे, त्यामुळे कुणी अडवत नाही. नक्कल बरोबर, डबा बरोबर, रायबोसोम बरोबर. ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसतं. व्हॅलीन पाण्याला बिचकतं. प्राणवायू सुटला, की ते शेजारच्या हिमोग्लोबिनमध्ये आसरा शोधतं, रेणूंच्या लांब काड्या तयार होतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. बदल या एका मण्यातच आहे, हे व्हर्नन इन्ग्रम यांनी 1957 मध्ये दाखवलं.

मग अक्षर दुरुस्त करा की, असं तुम्ही म्हणाल. गंमत अशी, की ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये सिकलसेलसाठी मान्य केलेला क्रिस्पर उपचार (डीएनएत नेमक्या जागी कात्री चालवणारं तंत्र) त्या अक्षराला हातच लावत नाही. गर्भात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात ही बीटा साखळी नसतेच. जन्मानंतर ते जवळपास बंद पडतं. ते बंद करणारा लगामच हा उपचार सैल करतो. चुकीचा मजकूर जागच्या जागी राहतो, वाचलाही जातो. फक्त त्याच्या शेजारी जुना, बिनचूक मजकूर पुन्हा वाचायला घेतला जातो.