धावून आलेल्या मुलीला व्हिटॅमिनची गोळी द्यायची का?

चारशे मीटरची सहावी फेरी संपवून पंधरा वर्षांची मुलगी थांबलीय. दोन्ही हात गुडघ्यांवर, छातीचा नुसता भाता झालाय. तेवढ्यात घरचं कुणीतरी तिच्या तळहातावर व्हिटॅमिन सीची जास्त डोसची गोळी ठेवतं. काळजीपोटीच. पण जरा थांबा, आधी तिच्या मांडीच्या स्नायूत काय चाललंय ते बघूया.

जोराच्या व्यायामात शरीर एरवीच्या दहा-वीस पट ऑक्सिजन वापरतं. त्यातल्या अगदी थोड्या ऑक्सिजनला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटतो आणि सुपरऑक्साइड तयार होतो. हा एक फ्री रॅडिकल, म्हणजे आजूबाजूच्या रेणूंवर चटकन तुटून पडणारा अस्थिर रेणू. तो वाढला की पेशीतल्या चरबीला, प्रथिनांना, डीएनएलासुद्धा इजा होऊ शकते.

पण शरीर काही हातावर हात ठेवून बसत नाही. सुपरऑक्साइड डिस्म्युटेझ हे एन्झाइम, ज्याचं काम १९६९ मध्ये उलगडलं, या सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. पुढे कॅटालेझ आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेझ ही आणखी दोन एन्झाइम्स त्याचं पाणी करून टाकतात. यात ग्लुटाथायोन हे पेशीतलं बचावाचं द्रव्य खर्ची पडतं, म्हणून दमवणाऱ्या व्यायामानंतर रक्तातला त्याचा साठा तात्पुरता खाली येतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. हे हायड्रोजन पेरॉक्साइड निरोपही पोचवतं. पेशीत एनआरएफ-टू नावाचं प्रथिन असतं, त्याला केप-वन धरून ठेवतं. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे ऑक्सिडंट (पेशीला इजा करू शकणारे असे पदार्थ) वाढले की ही पकड सुटते, एनआरएफ-टू पेशीकेंद्रकात जातं आणि बचावाची एन्झाइम्स बनवणारी जनुकं चालू करतं. नियमित सराव करणाऱ्यांचा बचाव तगडा होतो तो असा.

मग गोळीनं काय होतं? व्हिटॅमिन सी आणि ई ही अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडंटना निष्प्रभ करणारी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण पुरुषांनी चार आठवडे व्यायाम केला. काहींना रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये बचावाच्या एन्झाइम्सची जनुकं जागी झाली, घेणाऱ्यांमध्ये ती वाढ दिसली नाही. निरोप वाटेतच अडला.

डॉक्टरांनी तपासून कमतरता सांगितली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा गोळी घ्यायचीच.

मला खरी काळजी वाटते ती विश्रांतीशिवाय रोज रोज जोर काढणाऱ्या मुलांची. खर्च झालेलं भरून यायला वेळच मिळाला नाही, तर बचाव वाढणार कधी? तेवढंच अंतर धावायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय, झोप उडालीय, चिडचिड होतेय, असं दिसलं की सराव कमी करा.

त्या मुलीला पाणी द्या, थोडं चालू द्या. आणि विचारा, काल रात्री किती वाजता झोपलीस?