कोब्यावरच्या कोंबड्या, रोवळीतले कोंब

[मढ. कोळीवाड्यातली अरुंद बोळ. वलांडीवर सुकणारे बोंबील, खाली फिरणाऱ्या कोंबड्या.]

वर्सोव्याच्या जेट्टीवरून तर, म्हणजे फेरीबोट, पकडली की समोरच्या काठाला मढ. हद्द मुंबई महापालिकेचीच, पण इथे अजून पहाटे कोंबडा आरवतो आणि त्याची कुणी सोसायटीत तक्रार करत नाही. घरामागे खुराडं, खुराड्यात चार-पाच कोंबड्या. एखादी गावठी, बाकीच्या गिरिराज नाहीतर वनराजा. बंगळूर आणि हैदराबादच्या संशोधन केंद्रांनी खास परसात पाळायला तयार केलेल्या या जाती.

आता हे परस बघा.

[कॅमेरा जमिनीलगत. सिमेंटचा कोबा, त्यावर नखांचा खरखर आवाज.]

माती कुठेच नाही. कोंबडी ही जातच उकरणारी. उकिरड्यात तिला किडे मिळायचे, गांडुळं मिळायची, सांडलेल्या दाण्याला फुटलेले कोंब, गवताची कोवळी पाती, दाणा दळायला लागणारे बारीक खडे, सगळं एकाच जागी. उकिरडा गेला, मागोमाग अंगणावर कोबा आला. राहिल्या तांदळाच्या कण्या, शिळा पाव आणि रात्रीचा उरलेला भात. घरच्या मावशी हसत म्हणतात, "लादीवर उकरून काय मिलनार तिला?"

म्हणून मावशी धान्याला मोड आणतात. मटकीची उसळ ज्या घरात आठवड्याला होते, नवरात्रात घटाला रुजवण घालतात, त्या घरात मोड कसे आणायचे हे कुणी शिकवावं लागत नाही. कोंबडीसाठी काय बदलतं, तेवढंच बघायचं.

[स्वयंपाकघराचा ओटा. पातेल्यात गहू, वर तरंगणारी फोलपटं.]

पाच कोंबड्यांना दिवसाला अर्धी वाटी कोरडे गहू पुरतात. आधी पाण्यात घोळून वर आलेला कचरा आणि पोचट दाणे ओतून टाकायचे. पोचट दाणा रुजत नाही, नुसता सडतो आणि शेजारच्या चार चांगल्या दाण्यांना घेऊन बुडतो. मग रात्रभर भिजत. एप्रिल-मे मध्ये रात्रभर नको, सहा-सात तास पुरे; त्या उकाड्यात पाणी आंबायला वेळ लागत नाही.

सकाळी गहू रोवळीत उपसायचे, वर ओला पंचा टाकायचा. बांबूची रोवळी इथे कोळंबी धुवायलाही लागते, पण ती वेगळी, ही वेगळी. रोवळीला खालून वारा लागतो आणि पाणी साचत नाही, हा तिचा खरा फायदा. प्लास्टिकच्या डब्यात तळाचे दाणे गुदमरतात. दिवसातून दोनदा धुवायचं. मावशींनी त्याची वेळ नळाला पाणी येण्याच्या वेळेशी बांधून टाकली आहे, त्यामुळे विसरायचा प्रश्नच येत नाही.

[जवळून: गव्हाचा एक दाणा. टोकाला तीन पांढरी मुळं, मधे कोंबाचं हिरवट टोक.]

या एका दाण्यात आत्ता बरंच काही चालू आहे. टोकाला असलेल्या इवल्याशा गर्भाला पाणी मिळालं, त्याने एक संप्रेरक सोडलं. ते सालीखालच्या थरापर्यंत पोचलं आणि त्या थराने विकरं तयार करायला घेतली. विकरं दाण्यातल्या पिठाची साखर करतात, म्हणून मोड आलेला गहू चावला की गोडसर लागतो. दुसरं एक विकर फायटेट फोडतं. धान्यातला बराचसा फॉस्फरस या फायटेटमध्ये अडकलेला असतो आणि कोंबडीला तो स्वतःहून पुरेसा सोडवता येत नाही. मोड आले की त्यातला काही मोकळा होतो.

इथवर सगळं छान. आता हिशेब.

एक किलो गव्हाचा सात दिवसांत पाच-सहा किलो हिरवा चारा होतो, असं फार उत्साहाने सांगितलं जातं. वजनकाट्यावर ते खरंही आहे. पण त्या सहा किलोंमधलं पाच किलोंच्या वर पाणी असतं. पाणी काढून टाका, उरलेला ऐवज मूळच्या गव्हापेक्षा थोडा कमीच भरतो, कारण वाढायला लागणारी शक्ती दाण्याने स्वतःचंच पीठ जाळून मिळवलेली असते. प्रथिनांचा टक्का वाढलेला दिसतो, तोही याचमुळे: पीठ घटलं, प्रथिनं होती तेवढीच राहिली, म्हणून त्यांचा वाटा मोठा दिसतो. फुकटात खाद्य वाढवण्याची ही युक्ती नव्हे. मोड म्हणजे कोंबडीची कोशिंबीर. पानात हवीच, पण कोशिंबिरीवर कुणाचं जेवण होत नाही.

अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागतं, त्यात सोळा-सतरा टक्के प्रथिनं आणि साडेतीन टक्क्यांच्या पुढे कॅल्शियम. एका अंड्याच्या कवचातच साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. गव्हाचे मोड कितीही घाला, ते भरून निघत नाही.

[खलबत्त्यात शिंपल्या कुटल्या जात आहेत.]

मढमध्ये त्यावर उपाय दारातच आहे. तिसऱ्यांचं कालवण झालं की शिंपल्या धुवून उन्हात टाकायच्या, खडबडीत कुटायच्या आणि वेगळ्या करवंटीत ठेवायच्या. खाद्यात मिसळायच्या नाहीत. कोंबडी स्वतःच्या गरजेपुरत्या टिपते. प्रथिनांसाठी चिमूटभर सुका जवळा. खारवलेला मात्र नको, आणि रोज मूठभरही नको, नाहीतर अंड्याला मासळीचा वास येतो. बाकी पोटभरीला लेअर फीड, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्य, हवंच.

मग मोडांनी नेमकं काय मिळतं? दोन-तीन दिवसांचे, दाण्याएवढी शेपटी फुटलेले मोड दिले तर दाणा फारसा घटलेला नसतो आणि पचायला हलका झालेला असतो. सहा-सात दिवस उजेडात वाढवून हिरवी पाती येऊ दिली तर त्यातल्या हिरव्या द्रव्यांबरोबर पिवळी रंगद्रव्यंही येतात, आणि पिवळा बलक गडद होतो. बलकाचा रंग बघून अंडं जास्त ताकदीचं ठरवणारे खूप आहेत. रंग एवढंच सांगतो की कोंबडीने हिरवं किंवा पिवळा मका खाल्लाय. तिसरा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. कोब्यावर मोड पसरून टाकले की अर्धा तास कोंबड्यांना उद्योग मिळतो. टिपायला काही नसलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसं टिपतात.

[विळीवर हिरव्या पात्यांची गादी चिरली जाते.]

लांब वाढवलेली गादी अखंड टाकू नका. मुळांचा गुंता कोंबडीच्या गळ्याखालच्या अन्नपिशवीत अडकून बसू शकतो. विळीवर बोटाच्या पेराएवढं चिरायचं. आणि खडे ठेवायचेच. कलेजीबरोबर खाटकाकडे मिळतो तो पेटा म्हणजे कोंबडीचं जातं. कोब्यावरच्या कोंबडीला त्या जात्यासाठी खडे आपणच पुरवायचे.

कुठलं धान्य? गहू आणि बाजरी सोपी. साळ मिळाली तर उत्तम. कोकणात रहू पेरायला, म्हणजे मोड आलेलं बी चिखलात टाकायला, ती रुजवतातच. तांदूळ रुजत नाही, उकडा तर नाहीच. वाण्याकडची गुळगुळीत पांढरी बार्लीही नाही, तिचं साल काढलेलं असतं. पूजेला मिळणारे जव चालतात. मूग, मटकी थोडी.

ज्वारी मात्र नाही. ज्वारीचा कोरडा दाणा कोंबडीला बिनघोर घाला, पण कोंब फुटला की त्यात सायनाइड सोडणारं द्रव्य तयार होतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात ते यामुळेच, गावाकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं. कच्चा राजमा आणि वालही नको. वालाचं बिरडं आपण शिजवून खातो, कोंबडीला ते कच्चं कशाला?

बियाण्याच्या दुकानातलं गुलाबी रंगाचं बियाणंही आणू नका. तो रंग बुरशीनाशक लावल्याची खूण. ते थायरम नावाचं असलं तर त्याने कोंबडीच्या पायांची हाडं बिघडतात, अंडी मऊ कवचाची पडतात.

[जवळून: मुळांभोवती पांढरी लव. शेजारी दुसऱ्या रोवळीत राखाडी जाळं.]

ही दोन पांढरी एकच वाटतात, पण नीट बघा. पहिली मुळांची केसासारखी लव. ती मुळालाच चिकटून असते आणि पाण्याची धार पडली की मुळाला लपेटून दिसेनाशी होते. दुसरी बुरशी. ती एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाळं टाकते, धुतली तरी राहते, आणि कुबट वास येतो. वास आला की अख्खी रोवळी फेकायची, वरवरचं काढून खालचं घालायचं नाही. माणसाने नाक मुरडलं ते कोंबडीला घालायची आपल्याकडे सवय आहे. बुरशीच्या बाबतीत ती सोडा. बुरशीचे कण कोंबडीच्या फुप्फुसात जातात, विष यकृतात.

उरलेले मोड संध्याकाळपर्यंत पडू देऊ नका. मुंबईत कोंबडीनंतर पंगतीला घुशी येतात.

[जुलै. पागोळ्या, भिंतीच्या फटीत उगवलेलं गवत.]

पावसाळ्यात मावशी मोड आणतच नाहीत. हवा इतकी दमट की दुसऱ्या दिवशीच बुरशी धरते, आणि तशी गरजही नसते. मोकळी जागा दिसेल तिथे घोळ आणि माठ उगवलेला असतो. पोरांच्या हाती पिशवी दिली की दहा मिनिटांत कोंबड्यांपुरतं हिरवं येतं. फक्त गटाराच्या काठचं खुडू नका, आणि पालिकेची डासांची फवारणी होऊन गेली असेल तर त्या बाजूचंही नको.