एक प्रश्न, दोन शहरं

नमस्कार श्रोतेहो.

ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यात धर्मनिंदेवरून भडका उडाला की आपल्या डोळ्यांसमोर व्यंगचित्रं येतात, जाळलेल्या प्रती येतात, मोर्चे येतात. ते सगळं आहेच. पण एक गोष्ट त्याच्याही आधीची आहे. या दोन धर्मांत एकाची प्रार्थनाच दुसऱ्याला बोचू शकते. येशू हा देवाचा पुत्र, असं एक जण भक्तीने म्हणतो. देवाला पुत्र नाही, असं दुसरा तितक्याच भक्तीने म्हणतो. येशू क्रुसावर मेला, यावर एकाचा अख्खा धर्म उभा आहे; तसं झालंच नाही, असं कुराण सांगतं. जेरुसलेमच्या डोम ऑफ द रॉक या मुसलमानांच्या पवित्र वास्तूमध्ये सातव्या शतकाच्या अखेरीपासून कोरलेलं आहे, की देव एकच, ‘तीन’ म्हणू नका. आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ख्रिस्ती लोकांचं सगळ्यात पवित्र चर्च. बघा, इथे टिंगल कुणीच केलेली नाही. पुन्हा सांगतो, टिंगल नाही, शिवी नाही, नुसती श्रद्धा. आणि तरी मन दुखतं.

मग अशा दोन माणसांनी समोरासमोर बसून बोलायचं कसं? यावर माझी एक लाडकी गोष्ट आहे. ती सांगताना माझं घड्याळाकडे लक्ष राहत नाही, सांभाळून घ्या.

साल साधारण 781-82. बगदाद वसवून जेमतेम वीस वर्षं झालेली. गादीवर अब्बासी खलिफा अल-महदी, म्हणजे हारून अल-रशीदचे वडील. त्यांच्या राज्यात ख्रिस्ती प्रजा अफाट, आणि त्यातल्या पूर्वेकडच्या चर्चचे प्रमुख होते टिमोथी. पद कॅथलिकोसचं. हे टिमोथी खलिफाच्या भेटीला गेले. नेहमीप्रमाणे देवाच्या थोरवीवर चार शब्द बोलले. खलिफांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, कॅथलिकोस, तुमच्यासारखा ज्ञानी माणूस देवाने बायको करून मुलगा जन्माला घातला असं म्हणतो, हे शोभत नाही.

आता दरबार खलिफाचा, फौज खलिफाची, पहारेकरी खलिफाचे. टिमोथी काय म्हणाले असतील? ते म्हणाले, महाराज, देवाबद्दल असली निंदा केली तरी कुणी? आमच्यात असं कुणीच म्हणत नाही. आणि मग त्यांनी आपली बाजू मांडायला सुरुवात केली. सूर्य आणि त्याचा प्रकाश, मन आणि त्यातून निघणारा शब्द, असं करत करत त्रैक्याचा सिद्धांत, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच, हा खलिफांपुढे ठेवला. खलिफा अडवत होते, उलट प्रश्न करत होते. दोन दिवस हे चाललं! (टीव्हीवरच्या चर्चेत प्रश्न विचारणारा उत्तराचं पहिलं वाक्यसुद्धा पुरं होऊ देत नाही. माझ्या हाती असतं तर मी त्या सूत्रसंचालकांना आधी वर्षभर रेडिओवर बसवलं असतं.)

आणि दुसऱ्या दिवशी तो प्रश्न आला. खलिफांनी विचारलं, मुहंमदांबद्दल तुमचं म्हणणं काय?

हा प्रश्न लक्षात ठेवा. मुहंमदांबद्दल तुमचं म्हणणं काय?

टिमोथी म्हणाले, ते पैगंबरांच्या वाटेने चालले. त्यांनी लोकांना मूर्तिपूजेपासून सोडवलं, एका देवाकडे वळवलं, वाईट सोडायला आणि चांगलं करायला शिकवलं; ते स्तुतीला पात्र आहेत. खलिफा म्हणाले, मग त्यांचं सांगणं माना की! कोणतं सांगणं, महाराज? देव एकच, हे. टिमोथी म्हणाले, ते तर मी तोरात म्हणजे मोशेचं धर्मशास्त्र, बायबलमधले जुने पैगंबर आणि येशूचं शुभवर्तमान यांच्याकडून शिकलोय, आणि त्याच श्रद्धेत मी मरणार.

नीट ऐका, पैगंबरांच्या वाटेने चालले, एवढंच ते म्हणाले. पैगंबर होते, असं म्हणाले नाहीत. खलिफा काही कच्चे नव्हते, त्यांना हे कळलं असणारच. पण त्यांनी तलवार मागवली नाही.

याच संवादात टिमोथींनी मोत्याचा दृष्टांत दिला. अंधाऱ्या घरात माणसं आहेत, मध्ये एक मोती पडला. सगळे चाचपडतात, कुणाच्या हाती काच येते, कुणाच्या हाती खडा, आणि प्रत्येकाला वाटतं मोती माझ्याकडेच. उजाडेल तेव्हा कळेल. खलिफा म्हणाले, मोती आमच्याच हाती आहे अशी आम्हाला देवाकडे आशा आहे. टिमोथी म्हणाले, आमेन महाराज, आणि देव करो, त्यात आम्हालाही वाटा मिळो.

हे आपल्याला माहीत आहे, कारण टिमोथींनी ते एका मित्राला सिरियाक भाषेत पत्राने कळवलं. पत्रं लिहीत जा हो! फोनवरच्या गप्पा बाराशे वर्षं टिकत नाहीत. अर्थात ही एकाच बाजूने सांगितलेली हकीकत आहे, स्वतःची उत्तरं जरा चकचकीत करून लिहिली असतील. आणि अल-महदी म्हणजे काही उदारतेचा पुतळा नव्हे. त्यांच्याच राज्यात मणिपंथीयांना, म्हणजे इराणी धर्मसंस्थापक मानीच्या अनुयायांना, ‘झिंदीक’ म्हणजे पाखंडी ठरवून, हुडकून मारलं जात होतं. ख्रिस्ती माणसाला जे बोलता आलं, ते मणिपंथीयाला आलं नसतं.

आता दुसरं शहर. कोर्दोबा, स्पेन, साल 850. तिथेही मुस्लिम राज्य. परफेक्टस नावाचा पाद्री रस्त्याने चाललेला. काही मुसलमानांनी त्याला अडवून तोच प्रश्न विचारला. मुहंमदांबद्दल तुमचं म्हणणं काय? तो म्हणाला, बोललो तर तुम्ही रागवाल. त्यांनी शब्द दिला, काही करणार नाही. तो बोलला, आणि जहरी बोलला. त्या दिवशी सोडलं, पुढे धरून दिलं, आणि त्याचा शिरच्छेद झाला. नंतरच्या दहाएक वर्षांत जवळपास पन्नास ख्रिस्ती मारले गेले. त्यांतले बरेचसे काझीपुढे आपणहून जाऊन पैगंबरांना नावं ठेवत होते. 852 मध्ये खुद्द बिशपांच्या सभेने सांगितलं, असं मरण ओढवून घेऊ नका. मला त्या लोकांची भाषा आवडत नाही. पण अभय देऊन ते मोडणाऱ्यांचा मला जास्त राग येतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. इंग्लंडचा जुना ईशनिंदेचा कायदा फक्त ख्रिस्ती धर्माला जपायचा. मुसलमान दाद मागायला गेले तेव्हा कोर्टाने तो त्यांना लागू होत नाही म्हटलं. 2008 मध्ये तो रद्द झाला. पाकिस्तानात 1986 मध्ये आलेलं 295-सी हे कलम पैगंबरांच्या निंदेबद्दल आहे, शिक्षा मृत्यूची. तिकडे एकाचं दुःख मोजलं, इकडे दुसऱ्याचं.

त्याच कलमाखाली आसिया बीबी या ख्रिस्ती शेतमजूर बाईंना 2010 मध्ये फाशी सुनावली गेली. सुरुवात 2009 मध्ये शेतात, पाण्याच्या भांड्यावरून झालेल्या भांडणाने. त्यांची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर आणि केंद्रीय मंत्री शाहबाज भट्टी, दोघांनाही 2011 मध्ये गोळ्या घातल्या. तासीर मुसलमान, भट्टी ख्रिस्ती. ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसिया बीबींना निर्दोष सोडलं. त्या निकालपत्रात न्यायालयाने एक हदीस दिली आहे: मुस्लिमेतर अल्पसंख्याकांवर जो जुलूम करेल, त्याच्याविरुद्ध कयामतच्या दिवशी मी स्वतः तक्रार करीन, असं पैगंबरांचं वचन.

निकाल लागताच विरोधकांनी रस्ते अडवले. आसिया बीबी 2019 मध्ये कॅनडाला गेल्या.

वेळ संपली. नमस्कार.