घाटेअळीच्या मादीला रात्रीच गंध का सुटतो?

[दृश्य: रात्र. तुरीचं शेत. मंद लाल उजेडात शेंड्यावर बसलेली मादी पतंग.]

पंख किंचित उचललेले, पोटाचं टोक बाहेर काढलेलं, आणि बाकी हालचाल नाही. या टोकाशी, आठव्या आणि नवव्या वलयांच्या मधल्या पातळ त्वचेत, मादीची कामगंध ग्रंथी असते. एरवी घडी घालून आत दडलेली ही त्वचा आता उघडी पडली आहे. गंध वाऱ्यावर निघाला, की वाऱ्याच्या उलट दिशेनं नर येऊ लागतात.

हा पतंग हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. हरभऱ्यात याची अळी घाटेअळी म्हणून ओळखली जाते, तुरीत शेंगा पोखरणारी अळी म्हणून, कपाशीत अमेरिकन बोंडअळी म्हणून. शेतात लावलेल्या कामगंध सापळ्यातली ती छोटी रबरी ल्युर याच मादीच्या गंधाची नक्कल करते. त्यात दोन अल्डिहाइड असतात, दोन्ही सोळा कार्बनांची. मुख्य अल्डिहाइड शंभरात साधारण ९७ भाग, दुसरं जेमतेम ३ भाग.

ल्युरला रात्र-दिवस सारखाच. मादीचं तसं नाही. भर दुपारी तिची ग्रंथी काढून तपासली तर गंध जवळजवळ सापडत नाही, आणि अंधार पडल्यावर तीच ग्रंथी भरू लागते. म्हणजे गंध साठवून ठेवलेला नसतो, दर रात्री नव्यानं तयार होतो. मग ग्रंथीला रात्र झाल्याचं सांगतं कोण?

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली पतंग. मानेभोवती बारीक दोरा.]

१९८४ साली अमेरिकेत, मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथल्या कृषी संशोधन केंद्रात, अशोक रैना आणि जेरोम क्लन यांनी याचा माग लावला. त्यांचा पतंग होता हेलिकोव्हर्पा झिया, मक्याच्या कणसात शिरणारी अळी, आपल्या घाटेअळीची सख्खी बहीण म्हणावी इतकी जवळची. अंधार पडण्याआधी त्यांनी मादीच्या मानेभोवती दोरा आवळला. डोकं आणि धड यांचा संबंध तुटला. पतंग अशा अवस्थेतही जिवंत राहतो, पण त्या रात्री ग्रंथीत गंध तयार झाला नाही. मग मेंदूचा अर्क धडात टोचला, आणि गंध परतला.

या एका चाचणीवर पुढचं सगळं संशोधन उभं आहे, म्हणून ती नीट पाहू.

सुरुवात कोषापासून होते. नर आणि मादी एकत्र बाहेर पडले तर मीलन होतं आणि सगळा प्रयोग वाया जातो. म्हणून कोष असतानाच भिंगाखाली वेगळे करायचे: मादीच्या कोषावर जननछिद्राची चीर आठव्या वलयावर दिसते, नराच्या कोषावर नवव्या. बाहेर पडलेल्या माद्या साखरपाण्यावर ठेवायच्या आणि दोन-तीन दिवसांच्या झाल्यावर वापरायच्या. खोलीतले दिवे ठरलेल्या वेळीच लागले-विझले पाहिजेत. मध्येच कुणी दार उघडून दिवा लावला, की त्या रात्रीचे आकडे विश्वासाचे राहत नाहीत.

अर्कासाठी मेंदू आणि अन्ननलिकेच्या खालची चेतापेशींची गाठ, दोन्ही थंड क्षारद्रावणात काढून घेतात. खरा माल त्या खालच्या गाठीत असतो. ऊतक कुटायचं ते मिथेनॉल ९० भाग, पाणी ९ भाग आणि ॲसिटिक ॲसिड १ भाग अशा मिश्रणात. मेंदूतून येणारा हा निरोप म्हणजे एक पेप्टाइड, अमिनो आम्लांची छोटी साखळी. नुसत्या पाण्यात कुटलं तर ऊतकातलीच एन्झाइमं ते पेप्टाइड कातरून टाकतात, आणि सकाळी हातात निव्वळ गढूळ पाणी उरतं. काही ठिकाणी ऊतक आधी उकळत्या पाण्यात धरतात. उष्णतेनं एन्झाइमं मरतात, छोटं पेप्टाइड टिकतं.

टोचणी पोटात, पाच-दहा मायक्रोलिटरची. तेवढंच नुसतं क्षारद्रावण दुसऱ्या माद्यांना टोचायचं. हा तुलनेचा गट नसेल तर अर्कानं काही केलं की सुईच्या जखमेनं, हे सांगता येत नाही. दोन-तीन तासांनी पोटाचं टोक कापून थोड्या हेक्झेनमध्ये भिजवायचं आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करणाऱ्या यंत्रावर, मोजायचं. हेक्झेन झपाट्यानं उडतं, आणि उडालं की उरलेला द्रव जास्त तीव्र दिसतो. यावर उपाय एकच: गंधात नसलेला एखादा पदार्थ मोजून आधीच हेक्झेनमध्ये घालायचा आणि सगळे आकडे त्याच्या प्रमाणात काढायचे.

[दृश्य: पडद्यावर ३३ मण्यांची माळ. शेवटचे पाच मणी उजळतात.]

१९८९ साली रैना आणि सहकाऱ्यांनी गंध परत आणणारा अर्कातला हा पदार्थ शुद्ध करून त्याची पूर्ण रचना मांडली. ३३ अमिनो आम्लांची साखळी, रेणुभार सुमारे ३,९००. नाव पडलं पीबॅन, म्हणजे गंध बनवायला लावणारं न्यूरोपेप्टाइड, चेतापेशींतून निघणारं पेप्टाइड. प्रयोगशाळेत बनवलेल्या पीबॅनचे २ ते ४ पिकोमोल एका मादीला पुरतात. ४ पिकोमोल म्हणजे जेमतेम १६ नॅनोग्रॅम. या हिशेबानं एक ग्रॅम पीबॅन सहा कोटी माद्यांना पुरून उरेल.

इतक्या कमी प्रमाणात काम करायचं म्हणजे भांडंसुद्धा वैरी होतं. पेप्टाइड नळीच्या भिंतीला चिकटतं, आणि द्रावणात आहे असं समजून टोचलेलं निम्मं नळीतच राहिलेलं असू शकतं. म्हणून सिलिकॉनचा लेप दिलेल्या नळ्या वापरतात, किंवा द्रावणात थोडं अल्ब्युमिन घालतात. पीबॅनच्या साखळीत मेथिओनिन आहे. हवेतल्या ऑक्सिजननं त्याचं ऑक्सिडीकरण होतं. पेप्टाइड लहान लहान वाटे करून गोठवायचं आणि एक वाटा एकदाच वितळवायचा, हे त्यासाठीच.

साखळीत सगळ्यात महत्त्वाचं ते शेपूट: फेनिलॲलानिन, सेरीन, प्रोलीन, आर्जिनीन, ल्युसीन, आणि ल्युसीनच्या टोकाला अमाइड गट. पुढची अमिनो आम्लं काढून नुसतं शेपूट वापरलं तरी काही प्रमाणात परिणाम दिसतो. उलट पूर्ण साखळी ठेवून फक्त टोकाचा अमाइड काढला, तर पेप्टाइड जवळजवळ निकामी होतं. पेप्टाइड बनवून घेताना अमाइड राहून गेला तर महिनाभराचं काम शून्यावर येतं, आणि वजन करून ते कळत नाही, कारण फरक फक्त एका डाल्टनचा, म्हणजे हायड्रोजनच्या एका अणूच्या वजनाइतका, असतो.

हे शेपूट ग्रंथीच्या पेशीवरच्या ग्राहीत, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनात, बसतं. हा ग्राही २००३ साली हेलिकोव्हर्पा झियाच्या ग्रंथीतून ओळखला गेला. तो सस्तन प्राण्यांच्या न्यूरोमेडिन-यू ग्राहींचा नातलग आहे. ग्राही जागा झाला की बाहेरचं कॅल्शियम पेशीत शिरतं. कॅल्शियम नसलेल्या द्रावणात ग्रंथी ठेवली तर कितीही पीबॅन घाला, गंध होत नाही. हेलिकोव्हर्पात पुढे मेदाम्लं घडवण्याच्या पहिल्याच पायरीला वेग येतो.

[दृश्य: रेशीमकिड्याचे कोष, तुतीच्या पानावर अंडी.]

गंमत अशी, की ज्या जनुकातून पीबॅन निघतं, त्यातून आणखी चार पेप्टाइडं कातरून निघतात, सगळी जवळजवळ याच शेपटाची. रेशीमकिड्यात त्यातलं एक, २४ अमिनो आम्लांचं, मादीच्या अंडाशयावर काम करतं आणि तिची अंडी सुप्तावस्थेत जातात. हेलिकोव्हर्पात याच पेप्टाइडचं काम उलट आहे: सुप्त कोष जागा होतो. रेणू जवळजवळ तोच, पण कुठल्या ऊतकावर आणि आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर पोहोचतो, त्यावर त्याचा अर्थ ठरतो. कीटकांची न्यूरोपेप्टाइडं समजून घेताना हीच बाब सगळ्यात जास्त चकवते.

मग पीबॅनच फवारलं तर? फवारून ते पतंगाच्या मेणचट कवचातून आत जात नाही. खाल्लं तर आतड्यातली एन्झाइमं तोडतात. रक्तात पोहोचलं तरी तिथंही कातरणारी एन्झाइमं आहेतच. म्हणून टेक्सासमध्ये रोनाल्ड नाखमन यांनी शेपटाच्या पुढे तेलात विरघळणारे गट जोडून असे रेणू बनवले, जे कवचावर थेंब ठेवला तरी आत झिरपतात.

[दृश्य: पहाट. सापळ्याची पिशवी, आत नर पतंग.]

सापळ्यात येतात ते फक्त नर. हेक्टरी पाच सापळे लावून रोज मोजणी करतात, आणि सापळ्यामागे ८ ते १० नर दोन-तीन रात्री सलग आले तर फवारणीचा विचार करायचा, असा सल्ला दिला जातो.

तिकडे शेंड्यावरच्या मादीचं रात्रीत मीलन झालं असेल, तर तिचा गंध थांबलेला असतो. नराच्या ग्रंथींमधून आलेल्या पदार्थांमुळे ती गंध सोडणं बंद करते आणि अंडी घालू लागते. झियाच्या अशा मादीला बेल्ट्सव्हिलमध्ये पीबॅन टोचलं, तेव्हा ग्रंथीनं पुन्हा गंध बनवला. ग्रंथी शाबूत होती, वरून येणारा निरोप तेवढा थांबला होता.