वाढणारा गेज आणि आपोआप फुटणारी काच

मंडळी, विषय हीट ट्रीटमेंटचा, म्हणजे तापवून-थंड करून पदार्थाचे गुण बदलण्याचा आहे, पण भट्टी आणि तापमानाचे तक्ते जरा बाजूला ठेवू. सुरुवात एका तक्रारीपासून करतो. भोसरी-चाकण पट्ट्यात टूलरूममध्ये ज्यांनी दिवस काढलेत, त्यांच्या ती ओळखीची असेल. प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचा गोल दांडा बनवला, तापवून-बुडवून टणक म्हणजे हार्डन केला, ग्राइंडिंग-लॅपिंग करून मापात आणला. हार्डनेस, म्हणजे टणकपणा, रॉकवेल मापावर ६२ एचआरसी भरला. तेलाचा हात लावून डबीत ठेवला. काही महिन्यांनी कॅलिब्रेशनला, म्हणजे माप पडताळायला काढला, तर मायक्रॉन-दोन मायक्रॉनने मोठा! (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा.) झिजून लहान झाला असता तर कुणी चकार शब्द काढला नसता. हा वापरलाच नाही आणि वाढला. मग कॅलिब्रेशनवाला ग्राइंडिंगवाल्याकडे बोट दाखवतो, तो हीट ट्रीटमेंटवाल्याकडे, आणि हीट ट्रीटमेंटवाला म्हणतो, ‘हार्डनेस बरोबर आहे ना? मग झालं तर!’

हार्डनेस बरोबर आहे, पण गेजला तेवढ्याने भागत नाही. टणकपणा आणि स्थिरता ही दोन वेगळी खाती आहेत, आणि पुष्कळदा एकात भर घालायची तर दुसऱ्यातून काढावी लागते. असं का होतं, ते पोलादाच्या आत डोकावून बघू.

लोखंडाचे अणू थंड असताना एका रचनेत बसतात आणि तापले की दुसऱ्या. साध्या कार्बन पोलादात हा बदल ७२७ अंश सेल्सिअसला सुरू होतो. वरच्या रचनेला ऑस्टेनाइट म्हणतात. तिच्या पोटात कार्बन भरपूर मावतो, वजनाने दोन टक्क्यांपर्यंत. खालच्या रचनेत, म्हणजे फेराइटमध्ये, जेमतेम ०.०२ टक्के. सावकाश थंड केलं तर जास्तीचा कार्बन बाहेर पडतो, लोखंडाशी संयोग करून वेगळा बसतो आणि सगळं निवांत होतं. असं पोलाद स्थिर असतं, पण मऊ. तेच लाल असताना तेलात किंवा पाण्यात बुडवलं, की कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये अंधेरीला उतरायचं असलेल्या माणसासारखी त्याची गत होते: उतरायचंय, पण दारापर्यंत पोचताच येत नाही. अडकलेल्या कार्बनमुळे ताणून-फुगून बसलेली ही रचना म्हणजे मार्टेन्साइट. आडोल्फ मार्टेन्स या जर्मन संशोधकाचं नाव तिला मिळालंय. टणकपणा येतो तो या ताणातूनच.

गेजच्या बाबतीत खरी मेख पुढे आहे. एक टक्का कार्बनच्या पोलादात, म्हणजे आपल्या नेहमीच्या ईएन-३१ मध्ये, ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होणं खोलीच्या तापमानाला पूर्ण होत नाही. ते संपवायचं तर शून्याच्या बरंच खाली जावं लागतं. आपण तेलातून पीस काढतो, तेव्हा थोडं ऑस्टेनाइट तसंच शिल्लक असतं. ते मार्टेन्साइटपेक्षा कमी जागा व्यापतं. पुढे महिनोन्‌महिने त्याचं हळूहळू मार्टेन्साइट होत राहतं आणि पीस वाढतो. त्याच वेळी मार्टेन्साइटमधला अडकलेला कार्बन मुंगीच्या पावलाने बाहेर सरकत असतो, त्याने पीस आकसतो. म्हणजे एकाच तुकड्यात दोन विरुद्ध हालचाली चाललेल्या. काही गेज आधी लहान होतात आणि मग वाढतात ते यामुळेच. असं दिसलं की लोक आधी मायक्रोमीटरवर संशय घेतात, बिचाऱ्याचा दोष नसतो.

यावर इलाज आहे. हार्डनिंगनंतर पीस उणे ८० अंशाला किंवा थेट द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंशाला न्यायचा, म्हणजे शिल्लक ऑस्टेनाइट बरंचसं बदलून जातं. मग लगेच टेम्परिंग करायचं, म्हणजे बेताने पुन्हा तापवायचं. यात वेळेला महत्त्व आहे. हार्डन केलेले पीस दिवसभर टेबलावर पडून राहिले तर शिल्लक ऑस्टेनाइट हट्टाला पेटतं, नंतर तितक्या सहजी बदलत नाही. ‘उद्या बघू’ म्हणून ठेवलेल्या ट्रेमुळे पुढे गेजची बॅच नाकारली जाऊ शकते. तडे जाण्याचा धोका असतो म्हणून काहीजण आधी हलकं टेम्परिंग करून घेतात. गुंतागुंतीच्या आकाराला ते समजू शकतं, पण साध्या गोल पिनला गरज नाही, असं माझं मत.

स्लिप गेजचा, म्हणजे अचूक मापाच्या पोलादी ठोकळ्यांचा संच ज्यांच्यामुळे जगभर पोचला, ते स्वीडनचे कार्ल एडवर्ड योहान्सन एस्किल्स्टुनाच्या बंदुकीच्या कारखान्यात कामाला होते. ठोकळे मापात घासणं हे त्यातलं निम्मं काम. घासलेलं माप वर्षानुवर्षं तसंच राहणं हे उरलेलं निम्मं, आणि जास्त अवघड. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकात सर्वांत वरच्या दर्जाच्या १०० मिलिमीटरच्या ठोकळ्याला वर्षाला ०.०४५ मायक्रॉन बदलायची मुभा आहे. बस्स.

आता काचेकडे येऊ. वरवर पाहता हा अगदी वेगळा पदार्थ, पण दुखणं आश्चर्य वाटावं इतकं सारखं. इमारतींच्या दर्शनी भागाला लावतात ती टफन्ड काच सहाशे अंशांच्या पुढे तापवून दोन्ही बाजूंनी हवेचे झोत मारून थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो. त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली आणि पोट ताणाखाली, असं कायमचं भांडण तिच्यात गोठून राहतं. ते मुद्दामच घडवलेलं असतं. त्यावरच तिची ताकद उभी आहे. पण कधीकधी काचेच्या वितळीत निकेलचा कण आणि गंधक एकत्र येऊन निकेल सल्फाइडचा बारीक खडा तयार होतो, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा. या खड्याचंही एक रूप ३७९ अंशांच्या वर टिकतं आणि दुसरं खाली. हवेच्या झोतात त्याला बदलायला वेळ मिळत नाही, वरचं रूपच अडकून पडतं. पुढे दोन-चार वर्षांनी, कुणी दगड मारलेला नसताना, तो हळूहळू खालच्या रूपात येतो आणि दोन ते चार टक्के फुगतो. तो जर ताणाखालच्या पोटात असेल तर अख्खी काच एका क्षणात भुगा होते.

चौकटीत तुकडे टिकून राहिले असतील तर फुटीचं मूळ शोधता येतं. सगळ्या भेगा जिथून पसरल्यात तिथे दोन तुकडे इतरांपेक्षा मोठे असतात, एकमेकांना चिकटलेले, फुलपाखराच्या पंखांसारखे. त्या दोघांच्या मधल्या रेषेवर भिंग धरलं तर तो काळपट, सोनेरी झाक असलेला खडा दिसतो. सोसायटीच्या बैठकीत वॉचमनला किंवा क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना झापण्याआधी हे दोन तुकडे शोधावेत.

यावरचा इलाजही पोलादाच्या इलाजाचा भाऊ शोभावा असा आहे. टफन्ड काच पुन्हा २६० ते २९० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. तिथे खडा झपाट्याने बदलतो, आणि जी फुटायची ती काच कारखान्यातच फुटते. तापमान फार वाढवलं तर मुद्दाम भरलेला ताणच सैल होतो, म्हणून भट्टीवर लक्ष ठेवावं लागतं.

अस्थिरता नेहमी वाईटच, असं मात्र समजू नका. १९०६ साली बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म हा माणूस ॲल्युमिनिअममध्ये चार टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घालून, तापवून, पाण्यात बुडवून बघत होता. पोलादासारखं लगेच टणक होईल ही अपेक्षा, झालं नाही. दोन दिवसांनी मोजलं तर टणक झालेलं! तांब्याचे अडकलेले अणू खोलीच्या तापमानालाच गोळा होऊन बारीक बारीक चकत्या करत होते. हे क्ष-किरणांनी दाखवायला १९३८ साल उजाडलं. फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी ते स्वतंत्रपणे दाखवलं. विल्मच्या मिश्रधातूचं नाव ड्युराल्युमिन. विमानांचे काही रिव्हेट आजही पाण्यात बुडवल्यावर फ्रीझरमध्ये ठेवतात. बाहेर काढून थोड्याच वेळात ठोकले तर मऊ असतात, आणि जागेवर बसल्यावर आपोआप टणक होतात.

मात्र चकत्यांची ही वाढ थांबवता येत नाही, फक्त मंदावता येते. ॲल्युमिनिअम जास्त वेळ गरम राहिलं तर त्या चकत्या मोठ्या होत जातात आणि धातू पुन्हा मऊ पडतो. वेग वाढला की हवेमुळे विमानाचं अंग तापतं. ॲल्युमिनिअमच्या कॉन्कॉर्ड प्रवासी विमानाचा वेग ध्वनीच्या साधारण दुपटीवरच थांबला, त्यामागे हे एक कारण होतं. नाकाच्या टोकाचं तापमान १२७ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, असा दंडक होता.

(श्रोत्यांतून प्रश्न आला: मग सगळ्याच पार्ट्‌सना सब-झीरो, म्हणजे शून्याखाली थंड, करून घ्यावं का?)

नको. कोयत्याला एका मायक्रॉनचं काय सोयरसुतक? केस-हार्डन केलेल्या, म्हणजे फक्त वरचा थर टणक केलेल्या गिअरमध्ये तर थोडं ऑस्टेनाइट शिल्लक असलेलं चालतं, दाताला ते जरा सोशीकपणा देतं. पार्ट कुठल्या तापमानाला किती वर्षं चालणार, एवढं आधी विचारा. बेअरिंगचंच घ्या. काही कंपन्यांच्या कोडमध्ये शेवटी एस-० किंवा एस-१ असतं. एस-० म्हणजे १५० अंशांपर्यंत माप टिकेल असं स्थिर केलेलं, एस-१ म्हणजे २०० पर्यंत. जास्त तापमानाला टेम्पर केल्यामुळे हार्डनेस थोडा कमी येतो, तो जाणूनबुजून सोडलेला असतो. ड्रायरवर १८० अंशांना चालणाऱ्या जागी दुकानदाराने ‘साइझ तोच आहे हो’ म्हणून साधं बेअरिंग दिलं, तर आतली रिंग हळूहळू वाढते, शाफ्टवरची पकड सुटते आणि ती शाफ्टवरच फिरायला लागते. मग फिटिंग ढिलं केलं म्हणून फिटरला बोलणी बसतात. तेव्हा बदली मागवताना जुन्या रिंगवरचा कोड शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून पाठवा.