कोळ्याला काय हवे आहे?

(सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आज ज्या ‘रोल-प्लेइंग’ प्रकारच्या खेळाविषयी मी बोलणार आहे, त्यात एक जण सोडून टेबलाभोवतीचा प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो आणि त्याच्या तोंडून बोलतो. उरलेल्या एकाला गेम मास्टर म्हणतात. जग त्याचे, त्या जगातली इतर माणसे त्याची आणि नियमांचा निवाडाही त्याचाच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हापासून गेम मास्टरची एक अडचण कायम आहे: त्याने घरून जे ठरवून आणलेले असते, त्याकडे खेळाडू ढुंकूनही पाहत नाहीत.

यावर बहुतेक जण तयारी वाढवतात, पण ती घटनांची असते. आधी हे घडेल, मग ते घडेल. माझे मत असे की घटना ठरवूच नयेत. माणसे ठरवावीत आणि त्या माणसांना काय हवे आहे ते ठरवावे. तमाशातल्या वगाला पूर्वी लिहिलेले संवाद नसत. कथानक सगळ्यांना ठाऊक असे, आणि पाटील लोभी आहे एवढे पक्के असले की सोंगाड्याच्या कोणत्याही प्रश्नाला त्याचे उत्तर उभ्या उभ्या सुचे. आयत्या वेळी सुचण्यामागे असे आधीच ठरलेले काहीतरी असते.

आपल्या भुईकोटासारखा एक किल्ला डोळ्यांसमोर आणा: दुहेरी तटबंदी आणि एका अंगाला तलाव. आतून एक पत्र पळवायचे आहे. तुम्ही दरवाजा, पहारेकरी आणि परवलीचा शब्द अशी जय्यत तयारी केली आहे, खेळाडू मात्र सरळ तलावाकडे जातात आणि काठावरच्या कोळ्याला म्हणतात, “काका, रात्रीपुरती होडी द्याल का?” हा कोळी तुमच्या वहीत नाही. अशा वेळी मनाशी तीनच गोष्टी ठरवाव्यात: त्याला काय हवे आहे, तो कशाला भितो आणि त्याची डोळ्यांना दिसणारी लकब कोणती. त्याचा मुलगा किल्ल्यात वेठबिगारीला धरला आहे, तो सुटायला हवा, भीती किल्लेदाराची, आणि बोलताना तो ओले जाळे सारखे पिळत राहतो. एवढे ठरले की होडी मिळेल का, किती मोल पडेल, पकडले गेल्यावर तो काय कबूल करेल, ही सगळी उत्तरे आपोआप निघतात, कारण ती आता शोधायची नसून काढायची असतात.

तयार केलेला पहारेकरीही वाया जात नाही. त्याला या कोळ्याचा मेव्हणा करून टाकावा. मात्र खेळाडूंनी विचारपूर्वक दरवाजा टाळला असेल, तर तोच पहारा तलावाच्या बाजूला आणून उभा करणे मला पटत नाही. काही अनुभवी मंडळी हे सर्रास करतात. त्यात खेळाडूंच्या निवडीला किंमत उरत नाही.

“तुमचे नाव काय?” हा प्रश्न हमखास येतो, आणि तिथे अडखळले की माणूस खोटा वाटू लागतो. म्हणून पंधरा-वीस नावे जवळ लिहून ठेवावीत. सोलापूरकरांना त्यासाठी फार लांब जावे लागत नाही; सोपान, मल्लप्पा, नरसय्या, इब्राहिम ही नावे आपल्याकडे एकाच पेठेत ऐकू येतात.

पात्राला एखादे अवघड काम जमले की नाही, हे या खेळात फासे टाकून ठरवतात; त्या फाशांविषयी थोडे सविस्तर बोलतो. यश आणि अपयश या दोन्हींमुळे गोष्ट पुढे सरकणार असेल, तरच फासे टाकायला सांगावेत. २०१० साली आलेल्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळात दोन सहापैलू फाशांची बेरीज १० किंवा अधिक आली तर काम फत्ते, ७ ते ९ आली तर काम होते पण काहीतरी मोजावे लागते, आणि ६ किंवा कमी आली तर सूत्रे गेम मास्टरच्या हाती जातात. पात्राच्या गुणांची भर न घालता पाहिले तर ३६ शक्यतांपैकी १५ मधल्या पट्ट्यात पडतात, आणि आयत्या वेळच्या रचनेला खरे खाद्य तिथेच मिळते: होडी तटाला लागली, पण वल्ह्याच्या आवाजाने बुरुजावरचा दिवा हलला. ही कल्पना कोणत्याही नियमावलीत उसनी घेता येते.

नाटकवाल्यांकडून आलेले ‘हो, आणि…’ हे सूत्रही, म्हणजे समोरच्याचे म्हणणे मान्य करून त्यात भर घालणे, उपयोगी आहे, पण त्याचा अतिरेक नको. “चावी माझ्याकडे आहेच” असे कोणी म्हणाले आणि ती मघाशीच तलावात पडली असेल, तर निःसंकोच नाही म्हणावे. एकदा उच्चारलेली गोष्ट त्या जगात खरी झालेली असते, म्हणूनच मेव्हण्याचे नाव, जाळे पिळण्याची लकब, ठरलेले मोल हे सारे बोलता बोलता वहीच्या कडेला टिपून घ्यावे.

आणि उठण्यापूर्वी खेळाडूंना विचारून घ्यावे की पुढच्या बैठकीत ते कुठे जाणार आहेत. ते किल्ल्यात शिरणार म्हणाले, तर आठवडाभरात फक्त किल्लेदाराला काय हवे आहे, एवढेच ठरवायचे राहते.