जाळीच्या अलीकडून

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, आणि पलीकडं चंदगडपर्यंत जे जे ऐकतायत त्या सगळ्यांना नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या पुढची. घरी म्हशी आहेत. आई पहाटे पाचला गोठ्यात जाते आणि धार काढायच्या आधी एकेका म्हशीच्या नाकाला हात लावून बघते, नाक ओलं आहे काय, रवंथ करतेय काय, कालची पेंड संपवलीय काय. मी बिदरला जाऊन जनावरांची डॉक्टर झाले तरी खरं सांगते, आजारी जनावर ओळखायचं कसं हे मी आधी त्या गोठ्यात शिकले, कॉलेज नंतर. आणि तेच शिक्षण मला पुढं हजारो किलोमीटरवर कामाला आलं, ते आज सांगायचंय.

मी पाच महिने पूर्व आफ्रिकेत चिंपांझींच्या एका सँक्च्युरीत काम करून आले. जागेचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण नाव घेतलं की लोक बघायला यायचंय म्हणून विचारतात आणि ती काही बघायची जागा नव्हे. सँक्च्युरी म्हटलं की आपल्याला भीमगड अभयारण्य आठवतं, तसंही ते नाही. आपल्याकडच्या पांजरपोळाशी जास्त जुळतं. ज्यांचं कुणी उरलं नाही, जे रानात परत जाऊन जगू शकत नाहीत, त्यांना शेवटपर्यंत सांभाळायची जागा. निघताना आई म्हणाली, "काय करालीस गं तिथं जाऊन, माकडं आमच्या परड्यात कमी आहेत काय?" तर पहिलं हेच, चिंपांझी माकड नव्हे. त्याला शेपूट नसते, तो बोटांच्या पेरांवर भार देऊन चालतो, आणि नात्यानं तो वानरापेक्षा आपल्याला जवळचा आहे.

तिथली सकाळ आवाजानं सुरू होते. एक जण हळू हू हू करत सुरू करतो, मग दुसरा, मग सगळ्या खोल्यांतून तो आवाज चढत चढत जातो आणि शेवटी किंकाळ्याच होतात. पहिल्या दिवशी माझ्या हातापायातलं बळच गेलं. मग कळलं की हे त्यांचं एकमेकांना "मी इथं आहे, तू कुठं आहेस" म्हणणं आहे. रात्री ते आतल्या खोल्यांत असतात आणि सकाळी मोकळ्या रानात सोडतात, रान म्हणजे खरंच झाडं, गवत, सगळं, पण भोवती करंटचं कुंपण, आपल्याकडं गव्यांसाठी शेताला झटका मशीन लावतात ना, तसंच. काही ठिकाणी कुंपणाऐवजी पाणीच असतं कारण चिंपांझीला पोहता येत नाही. युगांडात व्हिक्टोरिया सरोवरात नगांबा नावाचं बेट आहे, तिथं 1998 पासून अशी सँक्च्युरी चालते.

सोडताना हजेरी. नुसता आकडा मोजून चालत नाही, एकेकाचं तोंड बघायचं, नाक वाहतंय काय, हात टेकताना एक खांदा उचलतोय काय, रात्री भांडण होऊन बोट फाटलंय काय, हाक मारल्यावर रोज पहिला येणारा आज मागं का थांबला. आईचं नाकाला हात लावणं हेच तर. फक्त इथं हात लावायचा नाही.

हो, हात लावायचा नाही. पाच महिन्यांत मी एकाही चिंपांझीला कडेवर घेतलं नाही, कुणाच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. मोठा नर वजनाला माणसाएवढाच भरेल पण ताकद दीडपट, सुळे मोठे, आणि राग आला की क्षणात अंगावरचा केस न् केस उभा. पण भीती हे अर्धंच कारण. दुसरं कारण आपलं नाक.

आपल्याकडं माकडताप म्हटलं की घाबरतात, रानात माकड मेलेलं दिसलं की कळवा म्हणतात, गोचिडीतनं तो ताप माणसाला येतो. चिंपांझीच्या बाबतीत उलटं समजा. आपल्याला ज्यानं दोन दिवस शिंका येतात त्या सर्दीनं ते मरूही शकतात. 2013 साली युगांडातल्या किबाले जंगलात एका टोळीत असा सर्दीचा विषाणू शिरला, 56 पैकी 5 चिंपांझी गेले. रानातले, धडधाकट. म्हणून तिथं आत जाताना बुटं औषधात बुडवायची, मास्क, हातमोजे, आणि कामावर घ्यायच्या आधीच टीबीची तपासणी.

माझ्याच हातून इथं चूक झाली. दुसऱ्या आठवड्यात घसा खवखवत होता, मी म्हटलं हवा बदललीय, धूळ आहे, आणि कुणाला बोलले नाही. तिथली मुख्य सांभाळणारी बाई, वीस वर्षं झालीत तिला, तिनं गेटवर माझा आवाज ऐकला आणि एक शब्द न बोलता हात आडवा धरला. चार दिवस स्वयंपाकघरात काकड्या चिरायला. मला राग आला, रडूही आलं, एवढ्या लांब येऊन काकड्या. पाचव्या दिवशी तिनं मला एक पिंजरा दाखवला, रिकामा, धुऊन ठेवलेला, आणि त्यात कोण होतं आणि कशानं गेलं ते सांगितलं. त्यानंतर मी रोज सकाळी स्वतःचाच घसा आधी तपासायची.

आता जेवणाचं. लोक विचारतात केळी खातात काय, खातात की, पण देतात बेतानं. आपली शेतातली फळं माणसानं गोड करून ठेवलीत, रानातलं फळ चोथ्याचं, बियांचं, उंबरासारखं, आणि उंबराच्या जातीची फळं हेच रानातल्या चिंपांझीचं मोठं खाणं. गोड जास्त झालं की पोट सुटतं, दात जातात. म्हणून पालेभाज्या, कोबी, गाजर, रताळी, झाडाचा ताजा पाला भरपूर, आणि मक्याचं पीठ घट्ट शिजवून त्याचे गोळे, तिकडं माणसंही तेच जेवतात, उगाली म्हणतात. मी रोज सकाळी ते गोळे वळायची, दिसायला दक्षिणेकडच्या नाचणीच्या मुद्द्यासारखे. गोळा दिसला की चिंपांझी घशातून एक बारीक हुंकार काढतो, म्हातारी माणसं गरम भाकरी बघून काढतात तसाच, आणि तो हुंकार ऐकला की बाकीचे धावत येतात.

मग खरी परीक्षा. टोळीत वरचा-खालचा असतो, वरचा नर आधी हात मारतो, त्याच्या मागं त्याचे दोस्त, आणि एखादी बिचारी कडेला बसलेली असते तिला काहीच मिळत नाही. म्हणून एकाच ढिगात टाकायचं नाही, लांब लांब फेकायचं, एकाला इकडं गुंतवून दुसरीला तिकडं नेमका गोळा टाकायचा. लग्नात पंगतीत वाढताना जाणता माणूस शेवटच्या पानावर नजर ठेवतो ना, तसं.

खाणं पंधरा मिनिटांत संपतं आणि दिवस तर अख्खा पडलेला असतो. रानात ते दिवसाचे कितीतरी तास खाणं शोधण्यात घालवतात, इथं ते काम राहिलं नाही की कंटाळून स्वतःचे केस उपटायला लागतात. म्हणून सिमेंटचं वारूळ बांधलंय, नागपंचमीला पुजतो तसलंच दिसतं, त्याला भोकं, भोकात मध. काडी सोलायची, टोक चावून मऊ करायचं, भोकात घालायची, चाटायची. 1960 साली टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडाल बाईंनी एका चिंपांझीला गवताची काडी वारुळात घालून वाळवी काढून खाताना बघितलं, तोवर शास्त्रज्ञ म्हणत की हत्यार बनवून वापरणं फक्त माणसाला येतं. बाई 2025 च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या, 91 वर्षांच्या होऊन. मी सिमेंटच्या वारुळापाशी तासन् तास बसायची आणि एक म्हातारी मादी काडी हातात घेऊन उलटसुलट बघायची, नको असली तर टाकून दुसरी घ्यायची, अगदी बाजारात भेंडी मोडून बघतात तशी, ते बघताना मला बाईंची आठवण व्हायची.

आता ज्यासाठी मी आज बोलायला आले ते सांगते. आम्ही तिला धाकटी म्हणायचो. तीन एक वर्षांची. उजव्या हाताची दोन बोटं तारेच्या फासात गेलेली. आली तेव्हा कोपऱ्यात बसून स्वतःला दोन्ही हातांनी आवळून पुढं-मागं, पुढं-मागं डुलत राहायची, तासभर, दोन तास. चिंपांझीचं पोर पाच वर्षांचं होईतो आईला चिकटून असतं, तिच्याच अंथरुणात झोपतं. आई जिवंत असताना ते पोर कुणाच्या हाताला लागत नाही. म्हणजे बाजारात एक पोर आलं तर रानात त्याची आई मेलेली असते, बऱ्याचदा सोडवायला धावलेले आणखी कुणी कुणी मेलेले असतात. हे लांबचं वाटतं ना, पण 2019 साली आपल्या देशात, कोलकात्यात, ईडीनं तस्करीच्या केसमध्ये तीन चिंपांझी जप्त केले होते.

अशा पोरासाठी एक बाई रात्रंदिवस आई होते. तेवढ्या लहानांच्या बाबतीत हात न लावायचा नियम सुटतो, मास्क लावून पाठीवर घ्यायचं, बाटलीनं दूध, रात्री शेजारी. आणि मग त्याच बाईला ते सोडावं लागतं. धाकटीला आधी जाळीच्या पलीकडून एका वयस्क मादीची ओळख करून दिली, नुसती बोटं लागतील एवढी. आठवडे गेले. एक दिवस मधलं दार उघडलं, आम्ही सगळे श्वास धरून उभे, हातात पाण्याचा पाइप, काही झालं तर म्हणून. धाकटीनं ओठ मागं ओढून सगळे दात दाखवले.

इथं थांबून एक सांगते, कारण हे आपल्या प्रत्येकाच्या मोबाईलशी संबंधित आहे. चिंपांझी असा वरचे-खालचे दात दाखवून हसतोय म्हणून कपडे घातलेल्या पिल्लाचा व्हिडिओ येतो, आपण हसतो, पुढं पाठवतो. तो हसत नसतो. ती भीती असते. त्याचं खरं हसू तोंड सैल उघडं टाकून, वरचे दात झाकलेले, धापा टाकल्यासारखा आवाज काढत, खेळताना असतं. माझ्या मामांनी मला असाच व्हिडिओ पाठवला होता, तुझ्या कामाचं आहे बघ म्हणून, प्रेमानंच पाठवला. मी फोन करून सांगितलं तर गप्पच झाले, मग म्हणाले, "पोरी, मी तर नातवाला रोज दाखवतोय की गं ते." तुमच्याही फोनवर असेल तर तेवढं पुढं पाठवू नका, त्या लाइकवर कुणीतरी पुढचं पिल्लू विकत घेतं.

तर धाकटीनं भीतीनं दात दाखवले. ती म्हातारी उठली, हळू आली, आणि हाताची मागची बाजू धाकटीच्या तोंडासमोर धरली. ते त्यांचं अभय असतं. धाकटीनं ते मनगट ओठांनी धरलं, आणि मग दोन मिनिटांत ती तिच्या पोटाला चिकटलेली. जी बाई सात महिने तिची आई होती ती माझ्या शेजारी उभी होती, तिनं मास्क नीट केला आणि वहीत वेळ लिहिली. बस्स.

लोक म्हणतात, मग बरी झाली की रानात का सोडत नाही. सोडायला रान लागतं, आणि त्या रानात आधीचे चिंपांझी असतात, ते परक्याला जीवे मारू शकतात. आणि फासे लावणारे तिथंच असतात. शिवाय माणसाची भीती मोडलेला चिंपांझी गावाकडं येतो. सिएरा लिओनमध्ये श्रीलंकेत जन्मलेले बाला अमरसेकरन म्हणून गृहस्थ आहेत, मूळचे हिशेबनीस, त्यांनी 1988 मध्ये रस्त्याकडेला मरायला टेकलेलं एक पिल्लू 20 डॉलर देऊन सोडवलं, ब्रूनो त्याचं नाव, आणि त्यातूनच 1995 ला ताकुगामा सँक्च्युरी उभी राहिली. तोच ब्रूनो 2006 मध्ये तीस जणांना घेऊन कुंपणाबाहेर पडला आणि त्यात एका ड्रायव्हरचा जीव गेला. एवढ्या प्रेमानं वाढवलेला. म्हणून कुंपण, म्हणून जाळी, म्हणून तिथं माद्यांना पिल्लं होऊ नयेत अशी औषधं देतात, मला आधी हे क्रूर वाटायचं. पण सांभाळलेला चिंपांझी पन्नास वर्षंसुद्धा जगतो. आज आलेल्या धाकटीला सांभाळणारी आजची बाई रिटायर होईल, तिची मुलगीही कदाचित होईल, तेवढी वर्षं रोजचे गोळे, रोजची हजेरी. तिथं आणखी पिल्लं होऊ दिली तर रानातून येणाऱ्या पोरक्याला जागा कुठून आणायची.

संध्याकाळी सगळे परत आत येतात आणि अंथरूण करतात. रानात प्रत्येक मोठा चिंपांझी रोज नव्यानं झाडावर फांद्या वाकवून झोपायची जागा बनवतो, इथं गवताचे भारे देतात. गवत ओढून घ्यायचं, स्वतःभोवती गोल फिरवायचं, दाबायचं, कडेनं उभं करायचं. हे आईचं बघून येतं, उपजत नाही. धाकटीला येत नव्हतं. ती गवत डोक्यावर घ्यायची, फेकायची, मग म्हातारीच्या अंथरुणात घुसायची. आईचा फोन त्याच वेळी यायचा, गावी आठ वाजलेले, तिथं साडेपाच. "जेवलीस काय गं? आणि ती बोटं गेलेली पोर?" मी सांगायची, जेवली, पण अजून डुलते, झोपताना.

मी परत येऊन तीन महिने झाले. परवा त्या मुख्य बाईचा मेसेज आला, फोटो नाही, फोटो ती पाठवत नाही, दोनच ओळी, की धाकटीनं काल स्वतःचं अंथरूण केलं, वाकडंतिकडं, म्हातारीच्या अंथरुणाला लागून. मी पळत गोठ्यात गेले, आई संध्याकाळची धार काढत होती. सांगितलं. आईनं चरवीतनं नजर न काढता विचारलं, "आणि डुलायची थांबली काय?"

मी तेवढं विचारायचं विसरले होते. रात्री विचारलं. उत्तर आलं, झोपेपर्यंत थोडी डुलते, पण आता एक हात म्हातारीच्या अंगावर असतो.